ई-मेल गेला, पण पोहोचला का?

प्रतिनिधी, शिरूर-दौंड

कारखान्याच्या खरेदी विभागाला पाठविलेले दरपत्रक, महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना पाठविलेले प्रवेशपत्र, पतसंस्थेने सभासदांना पाठविलेली वार्षिक सभेची सूचना किंवा रुग्णालयाने पाठविलेला तपासणीचा अहवाल, या साऱ्या गोष्टी आता ई-मेलने जातात. पाठविणाऱ्याच्या संगणकावर 'संदेश पाठविला' अशी अक्षरे उमटतात आणि तो निर्धास्त होतो. चार दिवसांनी समोरून विचारणा होते, 'तुमचे पत्र आलेच नाही.' शोधाशोध केल्यावर ते पत्र 'स्पॅम'च्या कप्प्यात पडलेले आढळते. तोवर दरपत्रकाची मुदत टळलेली असते, नाही तर सभा होऊन गेलेली असते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे भीमा नदीच्या दोन तीरांवरचे शेजारी तालुके. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि फियाट, एलजी, व्हर्लपूल यांसारख्या कंपन्यांचे कारखाने तेथे आले. दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रसायने आणि औषधनिर्मितीची वसाहत आहे. या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणारे, वाहतूकदार, मनुष्यबळ पुरविणारे, डबे पुरविणारे असे छोटे व्यावसायिक असतात. त्यांचा मोठ्या कंपन्यांशी होणारा व्यवहार प्रामुख्याने ई-मेलवर चालतो. शिवाय शाळा-महाविद्यालये, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पुण्यामुंबईच्या ग्राहकांना थेट गूळ किंवा कांदा विकू पाहणारे तरुण, यांनाही एका वेळी शेकडो ई-मेल पाठवावे लागतात. तेव्हा प्रश्न उभा राहतो की, हे ई-मेल पाठविण्यासाठी कोणती सेवा घ्यावी?

बाजारात अशा सेवांची कमतरता नाही. '९९ टक्के पोहोच' असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीही पुष्कळ आहेत. मात्र या व्यवहारातील एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. इनबॉक्समधील जागा कोणतीही कंपनी विकू शकत नाही. ती पाठविणाऱ्याच्या पतीवर मिळते. चांगली सेवा ती पत राखण्यास मदत करते, वाईट सेवा ती घालवते, एवढाच दोहोंमधील फरक. हा फरक कसा ओळखावा, याची माहिती या लेखात घेऊ.

'पोच' म्हणजे इनबॉक्स नव्हे

ई-मेल पाठविल्यावर पाठविणाऱ्याचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. समोरच्याने पत्र स्वीकारले की तो '२५०' या सांकेतिक क्रमांकाने होकार कळवितो. ही झाली पोच. परंतु ती फक्त दारापर्यंतची पोच असते. पत्र आत घेतल्यानंतर ते इनबॉक्समध्ये ठेवायचे की स्पॅमच्या कप्प्यात टाकायचे, याचा निर्णय जीमेल, याहू किंवा आउटलुक यांची गाळणी नंतर घेते आणि तो पाठविणाऱ्याला कळविला जात नाही.

सेवा पुरविणाऱ्या कंपन्या 'डिलिव्हर्ड' म्हणून जो आकडा दाखवितात, तो सर्वसाधारणपणे या दारापर्यंतच्या पोचेचा असतो. म्हणजे हजारपैकी ९९० पत्रे 'पोहोचली' असे दाखवीत असतानाच त्यातील निम्मी स्पॅममध्ये गेलेली असू शकतात. त्यामुळे केवळ या आकड्यावरून सेवेची निवड करणे धोक्याचे ठरते. विक्री प्रतिनिधीला पहिला प्रश्न हाच विचारावा : 'तुमचे ९९ टक्के म्हणजे दारापर्यंत की इनबॉक्सपर्यंत? आणि ते तुम्ही मोजता कसे?'

अविश्वासाचे मूळ

एवढी गाळणी लागतेच कशासाठी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला. सातच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी याच जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या संगणकांची न मागितलेली जाहिरात पाठविली. पहिला स्पॅम म्हणून तिचीच नोंद केली जाते.

पुढे १९८२ मध्ये ई-मेल वाहून नेण्याचा 'एसएमटीपी' हा प्रघात निश्चित झाला. तो आजही वापरात आहे. जाळे तेव्हा लहान होते आणि माणसे परस्परांच्या ओळखीची होती, त्यामुळे पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे हे तपासण्याची कोणतीही सोय त्यात ठेवण्यात आली नाही. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, अशी ही स्थिती होती. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ही उणीव घेऊनच ई-मेल आपल्याकडे आला. बँकेच्या नावाने फसवी पत्रे पाठवून ग्राहकांना लुबाडण्याचे प्रकार याच उणिवेतून वाढले.

फाटकावरील तीन तपासण्या

ही उणीव भरून काढण्यासाठी नंतरच्या काळात तीन उपाय आले. त्यांची नावे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावे अवघड वाटली तरी कल्पना सोपी आहे. रांजणगावच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर माल घेऊन टेम्पो आला आहे, अशी कल्पना करावी.

रखवालदाराजवळ एक यादी आहे. अमुक पुरवठादाराचा माल कोणकोणत्या क्रमांकाच्या गाड्यांतून येईल, हे पुरवठादाराने आधीच कळविले आहे. यादीत क्रमांक नसलेली गाडी संशयास्पद ठरते. ही यादी म्हणजे एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत, हे यात जाहीर केलेले असते.

मालाच्या खोक्यांवर पुरवठादाराचे सील आहे. वाटेत कोणी खोके उघडले तर ते तुटते. हे सील म्हणजे डीकेआयएम. प्रत्येक पत्रावर एक डिजिटल सही उमटविली जाते आणि मजकुरात फेरफार झाल्यास ती जुळत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरवठादाराने रखवालदाराला दिलेली सूचना : 'चलनावर माझे नाव आहे, पण ते यादीशीही जुळत नाही आणि सीलशीही जुळत नाही, अशी गाडी आली तर तिला आत सोडा, बाजूला उभी करा किंवा परत पाठवा, आणि मला कळवा.' ही सूचना म्हणजे डीमार्क. आपल्या नावाने कोण पत्रे पाठवीत आहे, याचे अहवालही त्यामुळे मालकाला मिळतात.

या तिन्ही नोंदी डोमेनच्या 'डीएनएस' या सार्वजनिक नोंदवहीत कराव्या लागतात. त्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही. मात्र त्या कोणत्याही सेवेला परस्पर करता येत नाहीत. डोमेन ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच त्या कराव्या लागतात. संकेतस्थळ कोणा ओळखीच्या मुलाकडून करून घेतले, डोमेन त्याच्याच नावावर राहिले आणि आता त्याचा पत्ता नाही, अशा परिस्थितीत सर्वोत्तम सेवाही हतबल ठरते. सेवा निवडण्यापूर्वी आपल्या डोमेनची किल्ली आपल्या हाती आहे ना, याची खात्री करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

येथे एक चूक वारंवार होते. पूर्वीची एसपीएफ नोंद तशीच ठेवून नव्या सेवेसाठी दुसरी नोंद जोडली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. दोन झाल्या की तपासणीच बाद ठरते आणि कालपर्यंत नीट जाणारी पत्रेही अडकू लागतात. नवी सेवा घेतल्यास तिचे नाव जुन्याच नोंदीत समाविष्ट करावे.

२०२४ पासून बदललेले नियम

पूर्वी या तपासण्या ऐच्छिक मानल्या जात. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या अटी जाहीर केल्या आणि फेब्रुवारी २०२४ पासून त्या लागू होऊ लागल्या. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर २४ तासांत पाच हजार किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. प्रचारपर पत्रांत एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय असणेही सक्तीचे झाले. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुक, हॉटमेलच्या खात्यांसाठी अशाच अटी लागू केल्या.

'आम्ही कुठे रोज पाच हजार पत्रे पाठवितो?' असे शिरूरमधील शाळाचालक किंवा दौंडमधील व्यापारी म्हणू शकेल. परंतु छोट्या प्रेषकांनाही गूगलने सूट दिलेली नाही. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी प्रत्येकाला आवश्यक आहे. शिवाय दिवाळीच्या शुभेच्छांच्या निमित्ताने एकदा जरी पाच हजारांचा टप्पा ओलांडला, तरी ते डोमेन गूगलच्या लेखी कायमचे 'घाऊक प्रेषक' ठरते.

सर्वांत महत्त्वाची अट तक्रारींची आहे. वाचकाने 'हा स्पॅम आहे' असे बटण दाबले की ती तक्रार मानली जाते. हे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली राहावे, असे गूगलने सांगितले आहे. साध्या हिशेबाने, इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या हजार पत्रांमागे तीन वाचकांनी कंटाळून ते बटण दाबले, तर धोक्याची रेषा गाठली जाते. हजारांत तीन हा आकडा किती लहान आहे, हे प्रत्येक संस्थेने ध्यानात ठेवावे.

सेवा कोणाला लागते, कोणाला नाही?

सेवा घेण्यापूर्वी आपली गरज कोणत्या प्रकारची आहे, हे ठरविले पाहिजे. या गरजांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार व्यक्तिगत व्यवहाराचा. एखादा वर्कशॉपचालक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला दरपत्रक पाठवितो, बिल पाठवितो. दिवसाला पंधरा-वीस पत्रे जातात. अशा व्यावसायिकाला घाऊक सेवेची मुळीच गरज नाही. स्वतःचे डोमेन आणि त्यावर गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो मेल यांसारखी साधी टपालपेटी पुरेशी आहे. मोफत जीमेलच्या पत्त्यावरूनही व्यवहार चालतो, पण त्याची मर्यादा दिवसाला सुमारे पाचशे पत्त्यांची आहे आणि कंपन्यांच्या गाळण्या कडक असतात. शिवाय पत्र अडलेच तर ते बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या गाळणीने अडविलेले असते. अशा वेळी खरेदी अधिकाऱ्याला सांगून, त्यांच्या संगणक विभागाकडून आपले डोमेन परवानगीच्या यादीत घालून घेणे हाच खरा उपाय असतो. सेवा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा प्रकार व्यवहारजन्य पत्रांचा. ओटीपी, पावती, प्रवेशपत्र, तपासणीचा अहवाल, मागणी मिळाल्याची पोच ही पत्रे संगणक प्रणाली आपोआप पाठविते. वाचक त्यांची वाट पाहत असतो. दौंडच्या प्रवाशाला रेल्वे तिकिटाचा ई-मेल जातो, तो याच जातीचा.

तिसरा प्रकार प्रचारपर पत्रांचा. नव्या तुकडीचे प्रवेश, हंगामाचा गूळ, सणाची सवलत. वाचक त्यांची वाट पाहत नसतो. तो ती सहन करतो किंवा हटवितो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची पत्रे एकाच नावाने, एकाच वाटेने पाठविणे ही मोठी चूक होय. सवलतीच्या पत्रावर आलेल्या तक्रारींची शिक्षा मग प्रवेशपत्रांना भोगावी लागते. प्रचारपर पत्रांसाठी त्याच डोमेनचे वेगळे उपडोमेन ठेवावे आणि सेवेतही दोन्हींचे प्रवाह स्वतंत्र करावेत.

कोणत्या सेवा, काय दर?

'स्वतःचाच सर्व्हर बसवू' हा विचार तंत्रज्ञ मंडळी अनेकदा मांडतात. तो बहुतेकांनी टाळावा. अ‍ॅमेझॉनच्या ईसी-२ वर ई-मेलसाठी लागणारे '२५ क्रमांकाचे पोर्ट' सुरुवातीस बंद असते, गूगल क्लाउडवरही तेथून बाहेर जाणारी पत्रे अडविली जातात. घरगुती ब्रॉडबँडचे क्रमांक स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या याद्यांत आधीच नोंदविलेले असतात. नव्या सर्व्हरला पत मिळविण्यास आठवडे लागतात आणि एका रात्रीत ती जाऊ शकते.

तयार सेवांमध्ये २०११ मध्ये सुरू झालेली अ‍ॅमेझॉनची 'एसईएस' दराने स्वस्त आहे. हजार पत्रांना दहा सेंट असा तिचा मूळ दर. दीड हजार पालकांना महिन्यातून दोनदा पत्र पाठविणाऱ्या शाळेला महिन्याचा मूळ खर्च पंचवीस-तीस रुपयांच्या आसपास येईल. तिचे मुंबईतील केंद्रही उपलब्ध आहे. परंतु ही सेवा म्हणजे केवळ इंजिन आहे. गाडी आपली आपण बांधावी लागते. जाणकार तंत्रज्ञ नसेल तर स्वस्ताई महागात पडते. नव्या ग्राहकाला प्रारंभी दिवसाला दोनशेच पत्रे, तीही पडताळलेल्या पत्त्यांवरच पाठविता येतात. मर्यादा उठविण्यासाठी आपण काय आणि कोणाला पाठविणार, हे कंपनीला सांगावे लागते. परत येणाऱ्या पत्रांचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले की खाते चौकशीखाली येते आणि दहा टक्क्यांवर गेल्यास पत्रे पाठविणे थांबविले जाऊ शकते.

सेंडग्रिड, मेलगन, ब्रेव्हो यांसारख्या सेवा अधिक सोयी देतात आणि त्या प्रमाणात दर आकारतात. पोस्टमार्क ही सेवा व्यवहारजन्य आणि प्रचारपर पत्रांचे प्रवाह मुळातच वेगळे ठेवते आणि ग्राहकाला पारखून घेते. मासिक वार्तापत्रासाठी मेलचिम्प किंवा झोहो कॅम्पेन्स यांचा वापर तंत्रज्ञ नसलेल्या व्यक्तीलाही जमतो.

भारतीय पर्यायांकडेही दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. चेन्नईच्या झोहोची 'झेप्टोमेल' ही सेवा फक्त व्यवहारजन्य पत्रांसाठी आहे. तेथे जाहिराती पाठविण्यास मनाई आहे आणि दहा हजार पत्रांचा गठ्ठा आगाऊ विकत घेता येतो. महिन्याकाठी थोडीच पत्रे पाठविणाऱ्या रुग्णालयाला किंवा महाविद्यालयाला ही रचना सोयीची ठरते. मुंबईत राजेश जैन यांनी स्थापन केलेली नेटकोर ही कंपनीही या क्षेत्रात दीर्घ काळ आहे. आपले 'इंडियावर्ल्ड' हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेला सुमारे ४९९ कोटी रुपयांना विकणारे हेच ते जैन. नेटकोरचा भर मुख्यतः मोठ्या ग्राहकांवर आहे.

मोफत योजनांवर मात्र विसंबू नये. सेंडग्रिडने आपली अनेक वर्षे चाललेली मोफत योजना २०२५ मध्ये बंद केली. त्यावर विसंबलेल्यांना पैसे भरणे किंवा घर बदलणे एवढेच मार्ग उरले.

एका चाळीतील कांदे

शिरूर भागातील कांदा उत्पादकाला चाळीचा नियम ठाऊक असतो. एक कांदा सडला आणि वेळीच काढला नाही, तर शेजारचेही जातात. सामायिक आयपी क्रमांकाचे असेच आहे. स्वस्त योजनांमध्ये शेकडो ग्राहकांची पत्रे त्याच क्रमांकांवरून जातात. त्यांतील एकाने विकत घेतलेल्या यादीवर जाहिराती पाठविल्या, तर त्या क्रमांकाची पत जाते आणि इतरांची पत्रेही अडतात.

म्हणूनच जी सेवा कोणालाही, काहीही न विचारता, पाच मिनिटांत खाते उघडून देते, तिच्यापासून सावध राहावे. याउलट 'तुमची यादी कोठून आली? लोकांनी संमती दिली आहे का?' असे प्रश्न विचारणारी, प्रसंगी अर्ज नाकारणारी सेवा त्रासदायक वाटली तरी चाळ स्वच्छ ठेवणारी असते. तिची ही चौकशीच आपल्या पत्रांचे रक्षण करीत असते.

'मग स्वतंत्र क्रमांकच घेऊ' हा उपायही छोट्या प्रेषकाला परवडणारा नाही. स्वतंत्र क्रमांकाला वेगळे मासिक शुल्क पडते आणि नवा क्रमांक हळूहळू, रोज थोडी थोडी पत्रे वाढवीत रुळवावा लागतो. महिन्याला काही हजारच पत्रे जात असतील, तर त्या क्रमांकाची कोणाला पुरेशी ओळखच होत नाही. अशांनी चांगल्या सेवेच्या सामायिक क्रमांकावरच राहावे.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. पत्रे आमच्या स्वतःच्या डोमेनच्या नावाने आणि आमच्या डीकेआयएम सहीने जातील का? सेवेच्या नावाने जात असतील, तर मिळविलेली पत सेवेची होते, आपली नव्हे.

२. व्यवहारजन्य आणि प्रचारपर पत्रांचे मार्ग वेगळे आहेत का?

३. कोणते पत्र का परत आले, कोणी तक्रार केली, हे प्रत्येक पत्त्यानिशी दिसते का? असे पत्ते पुढच्या खेपेस आपोआप वगळले जातात का?

४. एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय सेवेतच अंतर्भूत आहे का?

५. नोंदी किती दिवस ठेवल्या जातात? महिनाभराने वाद उद्भवल्यास पत्र केव्हा गेले, याचा पुरावा मिळेल का?

६. अडचण आल्यास माणूस बोलतो की केवळ ठरावीक उत्तरे येतात? आणि तो भारतीय कामकाजाच्या वेळेत उपलब्ध असतो का?

७. सेवा सोडावयाची झाल्यास आपली यादी आणि वगळलेल्या पत्त्यांची यादी परत मिळते का?

यांतील पहिल्या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे न देणारी सेवा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

यादीची निगा

सेवा उत्तम, नोंदी अचूक. तरीही पत्रे अडतात, तेव्हा दोष बहुधा यादीत असतो. प्रवेश अर्जावर हाताने लिहिलेला पत्ता संगणकात भरताना एक अक्षर चुकते. पालक जुना पत्ता देतात, जो वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नसतो. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर वारंवार पत्रे पाठविणारा प्रेषक जीमेलच्या दृष्टीने निष्काळजी किंवा लबाड ठरतो. टाकून दिलेले काही जुने पत्ते तर स्पॅम पाठविणाऱ्यांना पकडण्यासाठी सापळे म्हणून वापरले जातात.

यावर उपाय साधा आहे. पत्ता नोंदविताच एक खातरजमेचे पत्र पाठवावे आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारल्यानंतरच तो पत्ता यादीत घ्यावा. परत आलेला पत्ता तत्काळ काढावा. वर्षभर एकही पत्र न उघडणाऱ्यांना प्रचारपर यादीतून वगळावे. आणि बाजारात मिळणारी 'पुणे जिल्ह्यातील ५० हजार ई-मेल' अशा स्वरूपाची तबकडी किंवा फाइल कधीही विकत घेऊ नये. पत बुडविण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे.

मराठीतून पत्रे पाठविणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसल्यास अर्थहीन चिन्हांच्या रूपात दिसतो आणि असे पत्र वाचक स्पॅम समजून बाजूला सारण्याचा संभव असतो. सूचनापत्र चित्राच्या स्वरूपात चिकटवून, मजकूर मात्र कोरा ठेवण्याची सवयही सोडावी. गाळणीला वाचण्यासाठी त्यात काहीच नसते.

कायद्याची बाजू

नको असलेले फोन आणि एसएमएस यांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१८ ची नियमावली आहे. ई-मेल तिच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेने २००३ मध्ये केला तसा केवळ स्पॅमविषयीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मात्र डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीविना गोळा केलेल्या याद्या यापुढे कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीच्या ठरणार आहेत.

दुसरा मुद्दा पत्र स्वीकारणाऱ्यांसाठी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, दोघांत वेगळे ठरलेले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक पत्र ते स्वीकारण्यासाठी नेमून दिलेल्या संगणक प्रणालीत शिरले की ते मिळाले असे मानले जाते. ते कोणत्या कप्प्यात पडले, याचा उल्लेख कलमात नाही. तेव्हा 'पत्र स्पॅममध्ये गेले होते' ही सबब प्रत्येक वेळी चालेलच असे नाही. व्यावसायिकांनी स्पॅमचा कप्पा रोज एकदा उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. तेथे सापडलेल्या कामाच्या पत्रावर 'हा स्पॅम नाही' असे कळविल्यास पाठविणाऱ्याची पतही सुधारते.

सुरुवात कोठून करावी?

सर्वप्रथम डोमेन आपल्या ताब्यात घ्यावे. तिन्ही नोंदी तपासून दुरुस्त कराव्यात. नंतर एखादी सेवा महिनाभरासाठी घेऊन जीमेल, आउटलुक, याहू आणि रेडिफमेल येथील ओळखीच्या पत्त्यांवर नेहमीचेच पत्र पाठवून पाहावे. जीमेलमध्ये पत्र उघडून 'मूळ दाखवा' हा पर्याय निवडल्यास तिन्ही तपासण्यांसमोर 'पास' असे दिसले पाहिजे. पत्र 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. तो इनबॉक्सचाच भाग आहे. चाचणी समाधानकारक झाल्यावर लहान गटापासून आरंभ करावा आणि संख्या हळूहळू वाढवावी. गूगलच्या 'पोस्टमास्टर टूल्स' या मोफत साधनावर आपले डोमेन नोंदवून ठेवल्यास, पत्रांची संख्या पुरेशी झाल्यावर तक्रारींचे प्रमाण तेथे पाहता येते.

एवढे सारे केल्यानंतरही ई-मेल म्हणजे रजिस्टर टपाल नव्हे, याचे भान राखले पाहिजे. निविदेची शेवटची तारीख, परीक्षेची बदललेली वेळ किंवा रुग्णाचा तातडीचा अहवाल असेल, तर पत्र पाठविल्यावर एक दूरध्वनी करणे केव्हाही इष्ट. सेवा निवडताना दराचा तक्ता जरूर पाहावा, पण त्याआधी आपली यादी, आपले डोमेन आणि आपण पाठवीत असलेला मजकूर यांकडे पाहावे. वाचकाला हवे ते आणि हवे तेवढेच पाठविणाऱ्याची पत्रे साध्या सेवेवरूनही इनबॉक्सपर्यंत जातात, आणि तसे न करणाऱ्याला महागडी सेवाही फार काळ तारू शकत नाही.